‘तुमचा स्वभावच तसा’ असं ठरवण्याआधी

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “वय ३८, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. १६ वर्षांतली ही तिसरी नोकरी. प्रत्येक ठिकाणी पहिलं वर्ष बरं जातं, मग नको होतं. इथे मात्र गेले आठ महिने, नवे प्लांट हेड आल्यापासून, पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. रविवारी ग्रुपबरोबर किल्ल्यांवर जायचो, ते दिवाळीपासून बंद आहे. बायको म्हणते, तुमचा स्वभावच तसा, कुठेही गेलात तरी खोट काढाल. आई म्हणते, हा लहानपणापासून कुरकुऱ्या. नोकरी सोडून चार-सहा महिने घरी बसावंसं वाटतं. दोष माझ्या स्वभावात आहे की कामात? आणि नऊ वर्षांची मुलगी अगदी माझ्यासारखी होत चालली आहे, तिचं काय?”

तुमचा प्रश्न वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा ‘पहाटे साडेतीन’ या शब्दांखाली रेघ मारली. गेली २४ वर्षं मी पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत समुपदेशक म्हणून जातो. दोष माझा की कामाचा, हे मला मशीनवरच्या कामगारांनी विचारलं आहे, शिफ्ट सुपरवायझरांनी विचारलं आहे, आणि ज्यांच्यामुळे इतरांची झोप उडाली होती अशा वरिष्ठांनीही विचारलं आहे. प्रश्नाला दोनच बाजू आहेत असं विचारणाऱ्याला वाटत असतं. तिसरी बाजू आजाराची, आणि ती बहुतेक वेळा कोणाच्या तोंडी येत नाही. घरच्यांनी तुमच्या स्वभावावर बोट ठेवलं, तुम्ही कामावर ठेवलंत. मला काळजी त्या तिसऱ्या गोष्टीची वाटते. म्हणून आधी एवढंच सांगतो, या महिन्यात राजीनामा देऊ नका.

आता स्वभावापासून सुरू करतो, कारण घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकणं बरोबर नाही.

समाधानाचा काही भाग माणूस आपल्याबरोबर घेऊन फिरतो. १९८९ साली रिचर्ड आर्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्या तपासल्या. ही भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढलेली होती. आईबाप वेगळे, शेजार वेगळा, पुढे नोकऱ्याही आपापल्या. तरी नोकरीत कोण किती समाधानी आहे यातल्या फरकाचा साधारण ३० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. त्याआधी १९८५ मध्ये बॅरी स्टॉ आणि जेरी रॉस यांनी मध्यमवयीन अमेरिकन पुरुषांची काही वर्षांच्या अंतराने गोळा केलेली माहिती पाहिली होती. ज्यांनी मालकही बदलला आणि कामाचा प्रकारही बदलला, त्यांचंसुद्धा आधीचं समाधान पाहून पुढच्याचा थोडा अंदाज करता येत होता. नातं सैल झालं होतं, पुसलं गेलं नव्हतं.

स्वभाव मोजताना मानसशास्त्रज्ञ हल्ली पाच गुण धरतात. मनाला लावून घेण्याची प्रवृत्ती, माणसांत रमणं, काम नेटाने आणि चोख करणं, जुळवून घेणं, आणि नव्याची ओढ. २००२ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी १६३ नमुन्यांवरचे अभ्यास एकत्र करून या गुणांचा नोकरीतल्या समाधानाशी किती संबंध आहे ते काढलं (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पुरेपूर; उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं). मनाला लावून घेण्याचा संबंध उणे ०.२९. चोखपणाचा ०.२६, माणसांत रमण्याचा ०.२५, जुळवून घेण्याचा ०.१७. नव्याच्या ओढीचा ०.०२, म्हणजे नसल्यातच जमा. पाचही गुण मिळून ०.४१.

क्वालिटीतल्या माणसाला कोरिलेशन समजावून सांगायची गरज नाही. ०.४१ चा वर्ग करा, १७ टक्के येतात. माणसामाणसांत समाधानाचं जे व्हेरिएशन दिसतं, त्यातला सहाव्या हिश्श्याइतका भाग या पाच गुणांनी समजतो. (जुळ्यांवरून काढलेले ३० टक्के वेगळ्या पद्धतीने आलेत, दोन्हींची बेरीज-वजाबाकी करू नका.) सहावा हिस्सा कमी नाही. पण उरलेले पाच हिस्से दुसरीकडे आहेत. समोर रिजेक्शन आलं, आणि एखाद्या पोरानं एट-डी रिपोर्टमध्ये (दोषाचं कारण शोधण्याच्या आठ पायऱ्यांच्या अहवालात) मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहून आणलं, तर तुम्ही तो रिपोर्ट परत पाठवाल. पुढचा ‘व्हाय’ विचारा म्हणाल. ‘माझा स्वभावच तसा’ या उत्तराच्या बाबतीतही मी तेच म्हणतो आहे.

शिवाय ज्याला घरात कुरकुर म्हणतात त्या गुणाकडे नीट बघा. हजार पार्टमधला एक पार्ट हातात घेतल्याबरोबर ‘इथे काहीतरी गडबड आहे’ असं ज्याला जाणवतं, त्याच नजरेवर तुम्ही १६ वर्षं घर चालवलं आहे. ती नजर गेटच्या बाहेर पडताना काढून लॉकरमध्ये ठेवता येत नाही. ती घरी येते, भाजीतलं मीठ बघते, बायकोच्या बोलण्यातली विसंगती बघते, मुलीच्या वहीतली खाडाखोड बघते. म्हणजे गुण एकच, शॉपफ्लोअरवर त्याचा पगार मिळतो आणि घरी त्याचा त्रास होतो. याला मी स्वभावदोष म्हणणार नाही. घरी त्याला आवर घालायला शिकता येतं, त्याबद्दल खाली सांगतो.

पहिलं वर्ष चांगलं जातं आणि मग नको होतं, हेही फक्त तुमचंच नाही. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व्यवस्थापकांच्या नोकरीबदलांचा अभ्यास केला होता. जुन्या नोकरीतलं समाधान सोडण्याआधी घसरतं, नव्या नोकरीत पाय ठेवताच उसळी मारतं, आणि पुढच्या काळात पुन्हा उतरतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं. तुमच्या पहिल्या दोन नोकऱ्यांची गोष्ट बहुधा यातच बसते. बरंचसं सगळ्यांचंच होतं ते, थोडी तुमच्या स्वभावाची भर. पण तिसरी नोकरी मला वेगळी दिसते. ‘नको होणं’ आणि ‘पहाटे साडेतीनला उठून बसणं’ यांत फार अंतर आहे, आणि तुम्ही स्वतःच तारीख दिली आहे, आठ महिने. स्वभावाला अशी तारीख नसते. जे तुमच्याबरोबर जन्मापासून आहे ते आठ महिन्यांपूर्वी सुरू होत नाही.

मग आठ महिन्यांपूर्वी काय झालं? नवे प्लांट हेड आले. त्यांच्याबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, पण क्वालिटीतल्या माणसांकडून मी जे वर्षानुवर्षं ऐकतो त्यावरून अंदाज करतो, चुकत असेन तर सोडून द्या. महिनाअखेर. डिस्पॅचचा ट्रक उभा. तुम्ही मालाचा लॉट होल्ड केलेला, म्हणजे शंका आली म्हणून अडवून ठेवलेला. वरून फोन येतो, ‘मी बघतो, जाऊ द्या’. लॉट जातो. तीन आठवड्यांनी कस्टमर कम्प्लेंट येते तेव्हा मीटिंगमध्ये खुर्ची तुमची असते, सही तुमची असते, आणि उत्तरही तुम्हालाच द्यायचं असतं. जबाबदारी आहे पण अधिकार नाही. असं महिन्यातून दोनदा झालं की मनाला लावून न घेणारा माणूससुद्धा खचतो. चोख काम करणारा तर लवकर खचतो, कारण त्याला नुसता ताण येत नाही, आपल्या हातून चुकीचं काम करून घेतलं जातंय ही टोचणी लागते.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं. कामाचा बोजा एकटा माणसाला तेवढं मोडत नाही. बोजा मोठा आणि स्वतःच्या हातात काही नाही, ही जोडी मोडते. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी नोकरांचा माग मायकेल मार्मट यांच्या गटाने १९८५ पासून घेतला. ‘व्हाइटहॉल २’ या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. सगळे पांढरपेशे, पोटाची भ्रांत कोणालाच नाही. तरी ज्यांना आपल्या कामावर फारसं नियंत्रण नव्हतं, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त आढळला. साहेबलोकांना टेन्शन जास्त असतं असं आपण समजतो, पण हृदयविकाराचा भार खालच्या श्रेण्यांवर अधिक होता. म्हणून तुमच्या प्रश्नातला कामाचा भाग मी ‘कंटाळा’ या शब्दाखाली जाऊ देणार नाही. तुमच्या कामात खरोखर बिघाड असू शकतो. तो तुमच्या डोक्यातला नाही.

कामाच्या तासांबद्दल एकच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त आढळला. नाशिक हायवेवरच्या ट्रॅफिकमधले तास त्यात धरलेले नाहीत. तुमचे तास एकदा प्रामाणिकपणे मोजा.

आता तिसरी गोष्ट. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा माझ्याकडे एका मशीन शॉपचा सुपरवायझर आला होता (तपशील बदलून सांगतो). सगळ्या लाइनवर त्याची ख्याती तिरसट म्हणून. पोरांवर खेकसायचा, हत्यारं आपटायचा. व्यवस्थापनाने ‘राग आवरायला शिकवा’ म्हणून पाठवला होता. मी दोनदा बोललो आणि कागदावर लिहिलं, ‘स्वभावतः चिडका’. तिसऱ्या वेळी त्याची बायको बरोबर आली. बाहेर बाकावर बसलेली होती, मी सहज विचारलं, लग्नापासून असेच आहेत का हो? ती म्हणाली, “छे, गेल्या दोन वर्षांत झालेत. आधी गणपतीत नाचायचे.” तो माणूस चिडका नव्हता, त्याला नैराश्य होतं. पुरुषांत ते रडण्यातून दिसतं तसं चिडचिडीतूनही दिसतं, आणि कारखान्यात चिडचिड खपून जाते. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवल्यावर, औषध आणि बोलणं दोन्ही सुरू झाल्यावर काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. पण त्याआधीची दोन वर्षं त्याने, त्याच्या घराने आणि त्याच्या हाताखालच्या पोरांनी फुकट भोगली, आणि त्यातले काही आठवडे माझ्या त्या दोन शब्दांमुळे वाढले. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: आधी कसे होता?

तुम्हीच लिहिलंय की आधी तुम्ही दर रविवारी किल्ल्यांवर जात होता. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आणि जे मनापासून आवडायचं त्याची गोडी जाणं, या दोन्ही नैराश्याच्या खुणा म्हणून कोणताही डॉक्टर तपासतो. त्यांच्याबरोबर आणखी काय आहे ते स्वतःला विचारा. सकाळी सगळ्यात जड वाटतं आणि संध्याकाळकडे जरा हलकं होतं का? भूक किंवा वजन बदललं? ड्रॉइंग वाचताना तीच ओळ परत परत वाचावी लागते का? आपण घरच्यांवर ओझं आहोत असं मनात येतं का? अशा खुणा दिवसाचा बराच वेळ, बहुतेक रोज, दोन आठवडे टिकल्या तर ती तपासणीची वेळ असते. तुमचे महिने झालेत. मी समोर न बघता निदान करणार नाही, ते बरोबरही नाही. पण येत्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. त्याबरोबर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच थकतो, उदास होतो, आणि घरचे म्हणत राहतात की याला कशात रस नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ अजिबात टाळू नका.

मरणाचे विचार येत असतील तर वेळ घेण्याची वाट पाहायची नाही. ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आणि घरात एकाला तरी त्याच दिवशी सांगा.

‘बर्नआउट’ हा शब्द तुम्ही वापरला नाहीत, पण कंपनीच्या एचआरकडून तो ऐकाल, म्हणून सांगतो. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी केली. त्यात तीन गोष्टी येतात: आतून रितं होणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने तो आपल्या अकराव्या आजारसूचीत घेतला आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. फरक व्यवहारात असा दिसतो की नुसता बर्नआउट असलेला माणूस कारखान्यापासून दूर गेला की हळूहळू सावरतो, त्याला बाकीच्या आयुष्यात अजून गोडी असते. नैराश्य माणसाबरोबर किल्ल्यावरही जातं. तुमचे किल्ले सुटलेत, म्हणून मी डॉक्टरांचा आग्रह धरतो आहे.

तिन्ही गोष्टी वेगळ्या करायला मी एक साधी वही देतो. दोन आठवडे, दिवसातून तीनदा, शून्य ते दहा असा मनःस्थितीचा आकडा लिहायचा आणि त्यापुढे त्या वेळी काय चाललं होतं ते चार शब्दांत. त्यात साप्ताहिक सुट्ट्या दोन येतीलच; शक्य असेल तर सलग तीन-चार दिवसांची एक रजाही येऊ द्या. मग चार्ट बघा, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल. रजेच्या दुसऱ्या दिवशी आकडा वर सरकतो आणि शेवटच्या संध्याकाळी दाणकन पडतो, तर कामात शोधायचं. रजेतही आकडा हलत नाही, लेकीच्या वाढदिवसालाही हलत नाही, तर आजाराकडे बघायचं. आणि आकडा तुमच्या विशीतही जवळपास इथेच असायचा असं जुने मित्र सांगत असतील, तर तो तुमचा स्वभावाचा पाया आहे, त्याच्याशी भांडायचं नाही. बहुतेकांच्या वहीत तिन्हींचं मिश्रण निघतं. तरी कोणतं आधी हाताळायचं हे कळतं, आणि माझ्या अनुभवात क्रम बदलत नाही: आधी आजार, मग काम, शेवटी स्वभाव. आजारी मनाने कामाबद्दल घेतलेला निर्णय पुढे पटत नाही. आणि बिघडलेल्या कामात बसून स्वभाव सुधारायला घेतला, तर माणूस स्वतःलाच दोष देत राहतो.

चार-सहा महिने घरी बसण्याबद्दल. मला हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य वाटतं. १९३० च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली सूतगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांच्या गटाने तिथल्या लोकांचं जगणं टिपलं, १९३३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वेळच वेळ होता, तर लोक जास्त वाचतील असं वाटेल. वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण उलट निम्म्याच्या आसपास घसरलं. रस्त्यावरून चालताना पुरुष संथ झाले, थांबत थांबत चालायचे. दिवसभरात काय केलं ते त्यांना सांगता येईना. बायकांची चाल तशी मंदावली नाही, कारण घरकाम चालूच होतं. याहोडा यांनी पुढे यातून मांडलं की काम पगाराशिवाय बरंच काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण कशाचा तरी भाग आहोत ही जाणीव, लोकांतली ओळख, हातांना चाळा.

आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. गिरणगावातून पुण्याकडे आलेल्या कुटुंबांतली मुलं माझ्याकडे येतात, आज पन्नाशीत आहेत. पैशांची ओढाताण ते सांगतातच. पण बऱ्याच जणांच्या आठवणीत रुतलेलं चित्र निराळं असतं: भोंगा वाजत नाही, आणि वडील सकाळी उठून, आंघोळ करून, कपडे करून खाटेवर बसलेले.

तुमच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे. क्रिस्टोफर बॉइस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जर्मनीतल्या हजारो लोकांची माहिती पाहून दाखवलं की बेकारीत चोख, कर्तव्यदक्ष स्वभावाच्या माणसांचं जीवनातलं समाधान इतरांपेक्षा जास्त घसरतं. साहजिक आहे. ज्याने स्वतःची किंमत कामाच्या चोखपणावर ठरवली, त्याच्या हातातलं कामच गेलं. म्हणून दुसरी नोकरी हातात घेऊन ही सोडली तर माझी हरकत नाही, पण रिकाम्या घरात जायला सोडू नका. विश्रांती हवी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आजारपणाची रजा घ्या. नोकरी तुमचीच राहते.

ताण कामावरून घरात येतो हे सगळ्यांना माहीत आहे. घरून कामावर किती जातो, इकडे लक्ष जात नाही. टिमथी जज आणि शिनइचिरो वातानाबे यांनी १९९३ मध्ये दोन्ही दिशा तपासल्या. नोकरीतलं समाधान आणि आयुष्यातलं समाधान एकमेकांना ओढत होते, आणि आयुष्याचा नोकरीवरचा परिणाम नोकरीच्या आयुष्यावरच्या परिणामापेक्षा मोठा निघाला. यातून मी तुमच्यासाठी काढलेला अर्थ असा: किल्ले आधी सुरू करा. ‘मूड आला की जाईन’ असं म्हणू नका. नैराश्यात मूड आधी येत नाही, पाय आधी हलतात आणि गोडी मागाहून येते, तीही पहिल्या दोन-तीन वेळा येत नाही. लांबचा ट्रेक नको. ग्रुपमधल्या एकाला फोन करा, फक्त एकाला, आणि अर्ध्या दिवसात परतता येईल असं काहीतरी ठरवा. गाडी त्याची असू दे, म्हणजे ऐनवेळी मागे फिरता येणार नाही.

कामातल्या बिघाडाबद्दल, डॉक्टरांना भेटून थोडी झोप लागायला लागल्यावर, एकच गोष्ट मागा आणि ती लेखी मागा: होल्ड केलेला लॉट सोडायचा असेल तर सोडणाऱ्याची सही आणि कारण. भांडण म्हणून नाही, पद्धत म्हणून. ‘सर, ऑडिटला विचारतात’ एवढं पुरतं. मी हे तीन-चार ठिकाणी होताना पाहिलं आहे. लॉट सुटणं बंद होत नाही, पण निम्मं होतं, कारण सही करताना हात थबकतो. आणि उरलेल्या वेळी जबाबदारी जिथे असायला हवी तिथे जाते, तुम्ही पहाटे तिच्याबरोबर जागे राहत नाही. हेही दिलं जात नसेल, तर शांतपणे दुसरी नोकरी बघा. बघताना पगाराआधी विचारा की क्वालिटी हेड कोणाला रिपोर्ट करतो. तो प्रॉडक्शनलाच रिपोर्ट करत असेल, तर तुम्ही इथलंच दुखणं तिथे घेऊन जाल.

राहिला स्वभाव. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आणि धंद्यात आल्यावर तिच्याशी बरीच वर्षं झगडलो. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं की मानसोपचारांनी स्वभावाचे हे गुण बदलतात का. बदलतात. सगळ्यात जास्त बदल मनाला लावून घेण्याच्या प्रवृत्तीत दिसला. उपचारांचा सरासरी काळ सुमारे २४ आठवडे होता. बदल प्रचंड नाही. अतिसंवेदनशील माणूस बेफिकीर होत नाही. पण जी गोष्ट चार दिवस सलायची ती एक दिवस सलते, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ते तीन दिवस फार मोठे असतात. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवली, ती जाणणारे समुपदेशक पुण्या-मुंबईत सहज भेटतील. ‘काम चोख व्हावं’ ही इच्छा आणि ‘ते झालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट, यांतला फरक त्या पद्धतीत घासून घासून दाखवतात. तुमच्यासारख्या माणसाला ती मानवते, असं मी पाहिलं आहे.

पत्नीला डॉक्टरांकडे बरोबर न्या. ती ‘स्वभावच तसा’ म्हणते तेव्हा त्यात तिचाही थकवा आहे, आठ महिने तीही त्याच घरात आहे. आणि ‘आधी कसे होते’ याचं सगळ्यात खरं उत्तर तिच्याकडे आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही तिला सांगायला लावा.

मुलीबद्दल तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंय, पण प्रश्न लिहायला बसलात ते तिच्यासाठी असावं असं मला वाटतं. स्वभावाच्या या गुणांतल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. तेव्हा हो, तिने तुमची नजर घेतली असेल. एका मार्काने रडणारी, खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडणारी मुलं मीही पाहतो. पण सगळंच जन्मातून येत नाही, बरंच काही ती घरात बघून, शाळेत वावरून घडवते आहे, आणि सध्या ती बघते आहे की बाबा पहाटे अंधारात स्वयंपाकघरात एकटे बसतात आणि कोणी काही बोलत नाही. तिला सांगा की बाबांना बरं नाही, झोप लागत नाही, डॉक्टरांकडे जाणार आहेत, आणि यात तिचं काही चुकलेलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. न सांगितलं तर ती स्वतःचं काहीतरी कारण शोधून काढेल. तिची वही काही दिवस आईला बघू दे. तुम्ही हातात घेतलीत, तर आधी बरोबर आलेल्या गणितांवर बोट ठेवत पान संपवा, चूक दुसऱ्या दिवशी सांगितली तरी चालते. आणि त्या अर्ध्या दिवसाच्या किल्ल्यावर तिलाही घेऊन जा. ती हळू चालेल, तुम्हाला थांबावं लागेल. थांबा.